देवलाच्या नावाची पट्टी

धनीबाईचा दिवस पहाटे तीन चाळीसला सुरू व्हायचा. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. रिसोडकडे भाजी नेणारी पहिली गाडी वळणावर हॉर्न द्यायची, त्या आवाजाला ती उठायची. चूल पेटवायची, दोन कप चहा करायची, त्यातला एक बाहेरच्या सपाट दगडावर ठेवायची. चारच्या आत तिच्या हातात घण असायचा. घण पाच किलोचा, दांडा बाभळीचा. बाईमाणसाला तो जड होता, पण तिनं कधी तसं म्हटलं नाही.

ती मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. वय पंचेचाळीसच्या आसपास, नक्की तिलाही ठाऊक नव्हतं. मूलबाळ नाही. चौदा वर्षं ती नवऱ्याबरोबर, देवलाबरोबर, ऊसतोडीला गेली. तिथं नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि तो नवऱ्याच्या नावानं लिहितात. पुढे दोघं दगडफोडीला लागले. इथं कोयत्याऐवजी जोडी म्हणतात, आणि जोडीही नवऱ्याच्याच नावानं चालते. एवढं राबून कामाच्या एकाही वहीत धनीबाईचं नाव कधी आलं नव्हतं.

शिरपूर जैनच्या पुढे, रिसोड रस्त्याला, सोयाबीनचं मोठं गोदाम बांधायला काढलं होतं. काम एका खाजगी ठेकेदाराचं. गोदामाच्या चारी बाजूंनी काळ्या दगडाची भिंत, त्यातली मागची बाजू नाल्याला लागून. दगडफोडीला सात जोड्या होत्या आणि त्यांचा मुकादम धनसिंग. देवलाची जोडी सातवी. त्यांची झोपडी सगळ्यांपासून लांब, नाल्याच्या टोकाला.

तिथं पौर्णिमा प्लॅनिंगचं काम बघायची. शिरपूरचीच पोर. मी जुना दगडफोड्या; तिच्या बापानं, गोविंदानं, माझ्याबरोबर बारा वर्षं दगड उचलले. आई बेबीताई अजूनही निंदणाला जाते. पोरीनं वाशीमला डिप्लोमा केला आणि कामाचं वेळापत्रक बांधायचं सॉफ्टवेअर शिकली. साइटवर पत्र्याच्या खोलीत तिचं टेबल, कॉम्प्युटर आणि एक पंखा होता.

प्लॅन कसा करतात हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला ते आपल्याच धंद्यासारखं वाटलं. आधी काम फोडायचं. गोदाम हे एक काम नाही. पाया, खांब, छप्पर, भिंत, भराव, रस्ता, अशी फोडत गेल्यावर एकाहत्तर कामं निघाली. मग प्रत्येक कामाला दिवस किती, कोणतं काम कशानंतर, आणि ते करणार कोण, हे भरायचं. भरलं की पडद्यावर आडव्या पट्ट्या येतात. एक पट्टी म्हणजे एक काम. जितके दिवस, तितकी लांब. काम होत जातं तशी पट्टी आतून काळी भरत जाते.

दिवस ठरवण्यासाठी ती माझ्याकडे आली होती.

"काका, एक जोडी दिवसाले किती दगड फोडते?"

"कोन्ती जोडी? जेवून काम करनारी का उपाशी?"

"काका, मले एक आकडा पाह्यजे. कॉम्प्युटर जेवन इचारत नाही."

"अर्धा ब्रास. म्हंजे पन्नास घनफूट. फोडून, वाहून, रचून."

"धनसिंग मुकादम पाऊन ब्रास सांगून राह्यला."

"मंग तो खोटं बोलून राह्यला, नाही तं त्याच्याजवळ मानसं नाहीत, बैल हायेत."

तिनं आठवडाभर ढीग मोजले. सहा जोड्या अर्धा ब्रास. सातवी, देवलाची, रोज पाऊण. एकही दिवस कमी नाही. मला ते पटलं नाही, पण मोजलं होतं, म्हणून गप्प बसलो.

सुट्ट्यांवरूनही बरंच चाललं. धनसिंग म्हणाला, "मॅडम, अवसेले आमची मानसं घण उचलत नाहीत. तुमच्या मशिनीले तसं सांगून ठेवा." तिनं सगळ्या अमावास्या सुट्टी म्हणून टाकल्या. सहा डिसेंबर आपल्या मनानं टाकला. मशीन तेवढं ऐकतं. मग तिनं करणाऱ्यांची नावं भरली. धनसिंगनं वहीतून सात नावं वाचली आणि तिनं सात नावं टाइप केली. एक नाव, एक जोडी. चौदा माणसं होती. हे तिच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. आमच्याकडे असंच मोजतात.

सगळ्या पट्ट्यांत काही लाल दिसतात. लाल म्हणजे सवड नसलेलं काम. ते एक दिवस लांबलं की सगळ्या कामाचा शेवट एक दिवस लांबतो. नाल्याकडच्या भिंतीची पट्टी लाल होती. ती भिंत झाल्याशिवाय आतला भराव टाकता येत नव्हता, भरावाशिवाय रस्ता नाही, आणि रस्त्याशिवाय ट्रक आत येणार नाही. म्हणून पौर्णिमानं तिथल्या दगडासाठी सगळ्यात चांगली जोडी लावली. देवलाची.

माघ सरता सरता देवला मेला. झोपडीत, दुपारी, खोकता खोकता. तांडा लांब, गाडी मिळाली नाही. संध्याकाळी नाल्याच्या काठावर, भिंतीच्या टोकापासून चाळीस पावलांवर, त्याला जाळलं. पौर्णिमा तिथं उभी होती. भिंतीचे कामाचे चोवीस दिवस उरले होते.

इंजिनियर उत्कर्षसाहेब पुण्याला गेले होते. ते फोनवर म्हणाले, "वाईट झालं. आता प्लॅनमधून ते नाव काढा. रिसोडहून नवी जोडी बघू. बाईला तिच्या गावी पोचवा, झोपडी नव्या जोडीला लागेल."

पौर्णिमा ते सांगायला गेली. धनीबाई उंबऱ्यात बसली होती.

"नाव नको काहाडू, बाई," ती म्हणाली. "भिंत नाल्याले लागू दे. मंग मी त्याले घेऊन जातो."

"कोनाले?"

"त्याले. काम अर्धं टाकून तो येत नाही. त्याले सवय नाही."

"मावशी, तुमी एकट्या. एकट्याची जोडी होत नाही."

"ढीग कमी आला तं हाकल मले. ढीग आला तं राहू दे."

एवढंच तिचं मागणं होतं. चोवीस दिवस, भिंत नाल्याला लागेपर्यंत. पौर्णिमानं साहेबांना सांगितलं की आठवड्याचा हिशेब भरून मग नाव काढते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धनसिंगचा रोजचा मेसेज आला. सात ओळी. शेवटची ओळ: देवला, पाऊण ब्रास.

पौर्णिमानं त्याला बोलावलं. "मुकादम, देवला म्हणून काहून लिहिता?"

"मंग काय लिहू? वहीत तेच नाव हाय."

"मानूस मेला ना."

"ढीग तं आला ना, मॅडम. मी ढीग मोजतो. मानूस कायले मोजू?"

तिनं आकडा भरला. देवलाच्या नावापुढची पट्टी एक घर काळी झाली. दुसऱ्या दिवशीही पाऊण, तिसऱ्या दिवशीही. बाकी सहा नावांपुढं कधी कोणी आजारी, कधी कोणी बाजाराला, पट्ट्या मागे पडायच्या. मेलेल्या माणसाची पट्टी तेवढी आखल्याप्रमाणे भरत होती. पौर्णिमा मला म्हणाली, "काका, मी एन्टर दाबायच्या आधीच ती भरते असं वाटते. मी मंग खिडकी लावून घेतो."

नाल्याकडे कोणी जाईना. तिकडे दगड टाकणारा ट्रॅक्टरवाला ट्रॉली रिकामी करायचा आणि इंजिन बंद न करताच फिरायचा. म्हणायचा, तिथं पहाटे दोघं काम करतात.

पौर्णिमा एका पहाटे बापाला घेऊन गेली. साडेचारला मोटारसायकल फाटकाशी लावली. नाल्यावर धुकं होतं. दोघं भिंतीच्या कडेनं चालत गेले तसा आवाज येऊ लागला. आधी बारीक, टिक. मग थोडं थांबून, धम्म. पुन्हा टिक. पुन्हा धम्म.

गोविंदा थांबला. "पोरी, दोघं हायेत वो."

"बाबा, कोन दोघं?"

"मले काय माहीत? तू पाहून ये. मी गाडीपाशी थांबतो. कोनी गाडी नेली तं?"

"इथं कोन नेते तुमची गाडी?"

"तेच म्हन्तो. कोन नेते इथं?"

तो परत गेला, ती पुढे गेली. धनीबाई एकटीच होती. पदर कमरेला खोचलेला, घण डोक्याच्या वर. दगड फुटला. सपाट दगडावर दोन कप. एक रिकामा. दुसरा भरलेला, वर साय धरलेली.

पौर्णिमाला आवाजाचं विचारायचं होतं. ढिगाला हात लावून ती परत फिरली.

साहेब परत यायला चार दिवस उरले होते. तिनं मला बोलावलं. म्हणाली, "काका, एका बाईच्यानं पाऊन ब्रास होते का, हे तुमी सांगा. होत असंल तं मी भांडतो. होत नसंल तं मले सांगा, मी नाव काढतो."

मी दिवसा अकराला गेलो. आदल्या दिवसाचा ढीग मोजला. लांबी, रुंदी, उंची, तीनदा. शहात्तर फूट. मग दगड हातात घेऊन पाहिले. घणाचा घाव काळ्या दगडावर पांढरा उमटतो आणि त्याचा कल मारणाऱ्याच्या हाताप्रमाणे असतो. सगळे घाव डावीकडून आलेले. धनीबाई डावखुरी होती. म्हणजे काम तिचंच, दुसरं कोणी लपून येऊन करत नव्हतं.

पौर्णिमा रोज प्रत्येक ढिगाचा फोटो काढायची, प्लॅनमध्ये किती झालं हे भरायला पुरावा म्हणून. मी म्हटलं, जुने दाखव. देवला जिवंत असतानाचे.

तिनं मोबाइल दिला. जानेवारी. डिसेंबर. पहिला दिवस. मी फोटो मोठे करून पाहिले. सगळे घाव डावीकडून. एका फोटोत देवला उभा होता, घण उजव्या खांद्यावर. उजव्या हाताचा माणूस. त्याचा एकही घाव कुठल्या दगडावर नव्हता.

मी पौर्णिमाला तसं सांगितलं. तिनं ते फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मग म्हणाली, "म्हंजे काका, मी प्लॅन केला तवापासून तो नव्हताच."

आम्ही धनीबाईकडे गेलो. मी सरळ विचारलं, "देवला घण मारे का नाही?"

तिनं आधी पौर्णिमाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दोन साल झाले. त्याच्या छातीत दगडाची भुकटी बसली होती. चार घाव मारले का बसे. लोकायनं पाह्यलं तं काम जाते, म्हनून खांद्यावर घण घेऊन उभा राहे."

"मंग तो काय करे?"

"निशाना दाखवे. बारक्या हातोडीनं टिक करून. तिथं मारलं का दगड खुले."

हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. दगडात एक रेघ असते, डोळ्यांना दिसत नाही. हातोडीच्या आवाजावरून कळते, आणि ती कळायला पंधरा वर्षं लागतात. रेघेवर मारला तर दगड चार घावांत फुटतो. चुकला तर आठ, नऊ. दिवसाला सव्वाशे दगड फोडायचे म्हणजे नेमक्या जागी पाचशे घाव, चुकीच्या जागी हजारावर. देवला बसून होता असं कोणी म्हणू नये. रोजचे पाचशे घाव तो वाचवत होता.

"अन् आता?" मी विचारलं.

"आताबी तोच दाखवते."

ती उठली. समोर गोल, हंड्याएवढा दगड होता. तिनं पाय रोवले, घण दोन्ही हातांनी वर नेला आणि तशीच थांबली.

टिक.

मग तिनं मारलं. चार घाव. दगड खरबुजासारखा उघडला.

आवाज मी ऐकला. त्या वेळी तिचे दोन्ही हात घणावर होते आणि हातोडी चुलीजवळ पडलेली होती. एवढंच लिहितो.

पौर्णिमानं त्याच संध्याकाळी प्लॅन दुरुस्त केला. देवलाचं नाव काढलं आणि त्याच्या जागी धनीबाई लिहिलं, पहिल्या दिवसापासून, एकेक ओळ. मग शेवटची तारीख पाहिली. ती एका दिवसानंही हलली नव्हती. एका पूर्ण माणसाला सुरुवातीपासून काढून टाकलं आणि एकही पट्टी सरकली नाही. 

साहेबांना तिनं फोनवरच सांगितलं.

"तारीख हलली नाही ना?"

"नाही सर."

"मग राहू द्या बाईला."

असं ते मिटलं. धनीबाईचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं गेलं होतं, आणि ती राहणार होती. पौर्णिमानं ही गोष्ट साइटवर कोणाला सांगितली नाही. धनीबाईलाही नाही. महिनाअखेर पगाराच्या कागदावर नाव दाखवून तिला चकित करायचं असं तिच्या मनात होतं. धनसिंगच्या वहीत देवलाच होता.

दुसऱ्या दिवशीचा ढीग चाळीस फूट आला.

त्यानंतरचा अडतीस. मग छत्तीस. पट्टी मागे पडली आणि तिच्या मागच्या सगळ्या पट्ट्या, भराव, रस्ता, फाटक, एका रांगेत पुढे सरकल्या. उत्कर्षसाहेब पुण्याहून आले. त्यांनी पडदा पाहिला, मग घड्याळ पाहिलं.

"मॅडम, शुक्रवारी पाऊण ब्रास दिसला नाही तर शनिवारी नवी जोडी येईल. मी बोलून ठेवलंय."

पौर्णिमा नाल्याकडे धावत गेली. धनीबाईच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. समोरच्या दगडावर मी नंतर नऊ घाव मोजले, नऊ जागी. तरी तो फुटला नव्हता.

"मावशी, काय झालं?"

"आवाज येत नाही."

"काहून?"

"तूच त्याचं नाव काहाडलं ना."

पौर्णिमा दगडाशी खाली बसली. "तुमाले कोनं सांगितलं?"

"त्यानंच. म्हने, माहं नाव नाही आता इथं. मी कायले थांबू?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "पन गेलाबी नाही तो. चहा पेते अजून."

दगडावरचे दोन्ही कप रिकामे होते.

माणसाचं मन खचलं की हात चुकतो, हे मीही पाहिलेलं आहे. पौर्णिमानंही स्वतःला तसंच समजावलं असेल. पण खोलीवर येऊन तिनं जे केलं ते समजुतीनं केलेलं नव्हतं. तिनं त्या ओळीत धनीबाईच्या पुढे देवला लिहिलं. एका कामावर दोन नावं.

सॉफ्टवेअरला वाटलं माणूस वाढला. त्यानं लगेच उरलेले दिवस अर्धे केले आणि सगळी लाल रेघ मागे ओढली. तिला ते थांबवावं लागलं. दिवस तेवढेच ठेव, माणूस वाढला तरी कमी करू नको, अशी एक खूण असते, ती तिनं लावली. मग त्यानं देवलाचा दर मागितला. तिनं शून्य भरला. शून्य चालतो. प्लॅन काही म्हणाला नाही.

गुरुवार होता. शुक्रवारी ती पहाटेच गेली. या वेळी एकटी. फाटकापाशीच उभी राहिली आणि कान दिला.

टिक. धम्म.

त्या दिवशी ढीग पंच्याहत्तर फूट आला. शनिवारी अठ्ठ्याहत्तर. रविवारीही धनीबाईनं सुट्टी घेतली नाही, मागे पडलेलं भरून काढलं. मधे अमावास्या आली. त्या दिवशी मात्र कुठूनच आवाज आला नाही. ते प्लॅनमध्ये होतंच.

उत्कर्षसाहेबांनी सोमवारी यादी पाहिली. बोट एका ओळीवर थांबलं.

"हा कोण? दर शून्य?"

"निशाना दाखवतो, सर. दगड कुठं मारायचा ते सांगतो."

"फुकट?"

"हो सर."

"असे आणखी दोन मिळतात का बघा."

आणि ते चहा प्यायला गेले. नाव त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

भिंत नाल्याला लागली तेव्हा चैत्र सुरू होऊन चार दिवस झाले होते. ठरल्या तारखेलाच. शेवटचा दगड मी स्वतः पाहिला, चार घावांचा. पौर्णिमानं संध्याकाळी शेवटचा आकडा भरला. पट्टी पूर्ण काळी झाली. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि पंखा बंद करायला विसरली. सकाळी येऊन पाहिलं तर पंखा बंद होता. वीज गेली असेल.

पगाराच्या कागदावर धनीबाईचं नाव होतं, शेवटच्या महिन्याचं, तिचं एकटीचं. देवलाच्या ओळीत शून्य. तिनं दोन्ही ओळींवर बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं. पौर्णिमानं वाचून दाखवलं, तेव्हा तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. पैसे मोजले नाहीत. म्हणाली, "मोजून घेतलं असशीन तूच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिला शिरपूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. सामान एक गाठोडं आणि पातेलं. घण तिनं साइटवरच ठेवला. धनसिंगनं विचारलं तर म्हणाली, तो तिथंच बरा.

मालेगाववरून वाशीमला जाणारी गाडी आली. गाडीला गर्दी होती, पण मागची दोघांची सीट रिकामी होती. खिडकी सोडून ती कडेला बसली. मी खालून गाठोडं आत दिलं. एक पोरगी खिडकीपाशी बसायला आली.

"जागा धरली हाये तिथं," धनीबाई म्हणाली.

पोरीनं सीटकडे पाहिलं, धनीबाईकडे पाहिलं, आणि दांड्याला धरून पुढे जाऊन उभी राहिली.

कंडक्टर आला. "कुठं?"

"वाशीम. एक अर्धं, एक पुरं."

बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, माणसाला पूर्ण. कंडक्टरनं मशीन धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"पुरं कोनाचं, मावशी?"

"मालकाचं."

"कुठं हायेत मालक?"

तिनं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. कंडक्टरनं खिडकीकडे पाहिलं. मग त्यानं बटणं दाबली.  मशीनमधून दोन तिकिटं निघाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि घामेजलेली नोट त्याच्या हातात ठेवली. तीस वर्षांच्या राबण्यातला तो पहिला पैसा, जो तिच्या नावानं आला होता. त्यातून तिनं स्वतःसाठी अर्धं तिकीट घेतलं आणि देवलासाठी एक पूर्ण.